चावीमामांच्या खिशातली काच

मी एक जुनी काचपट्टी आहे मित्रांनो. जुनी म्हणजे फार नाही, जेमतेम दोन-अडीच वर्षांची, पण माझे दोन तुकडे झालेत ना, म्हणून आपलं जुनी म्हणायचं. लांबीला तुमच्या कंपासमधल्या पट्टीएवढी, रुंदीला दोन बोटं, आणि जाडी म्हणाल तर वहीच्या पुठ्ठ्याएवढी. मला आरशासारखं तोंड दाखवता येत नाही, भिंगासारखं मोठं करून दाखवता येत नाही. मला एकच काम दिलं होतं. वेळ आली की तुटायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? ऐका तरी!

काचवाल्याच्या दुकानात एका कपाटासाठी मोठी काच कापली आणि कडेला मी उरले. काचवाल्याने मला कतरणींच्या डब्यात टाकलं. तिथे मी किती दिवस पडून होते कोण जाणे. मग एक दिवस एक ताई आली. खांद्याला झोळी, झोळीत टेप, कानावर पेन्सिल. सगळे तिला मापवाली ताई म्हणायचे, कारण ती इंजिनिअर होती आणि जुन्या इमारतींची तब्येत बघत फिरायची. ती म्हणाली, "काका, सगळ्यात पातळ कतरणी द्या."

काचवाला म्हणाला, "अगं, ह्या पातळ पट्ट्या नुसतं जोरात बोललं तरी तुटतील."

"तशाच हव्यात," ताई म्हणाली.

मला इतका आनंद झाला! डब्यातल्या कुणालाच कधी असं म्हणून कुणी नेलं नव्हतं. माझ्याबरोबर माझी एक बहीणही निघाली, माझ्याच मापाची. ती पुढे गोष्टीत येणार आहे, तिला विसरू नका.

ताईने आम्हाला एका शाळेत आणलं. सरकारी शाळा, दोन मजली. खाली वर्ग, वर मोठा हॉल. खाली कोपऱ्यातल्या तिसरीच्या वर्गात खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट छतापर्यंत एक भेग गेली होती. मुलं तिला नदी म्हणायची. कुणीतरी पेन्सिलीने तिच्यात होडीसुद्धा काढली होती, होडीत एक मासा बसला होता आणि तोच वल्हं मारत होता! ताईने पाण्यात पांढरं प्लास्टर कालवलं, भेगेच्या अलीकडे एक गोळा, पलीकडे एक गोळा, आणि मधे आडवी मी. वर मार्करने तारीख. मुलं लगेच म्हणाली, "नदीवर पूल झाला!"

मी पूल! कतरणीची मी एकदम पूल झाले! पहिले दोन महिने मधल्या सुट्टीत मला बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं यायची.

पण मित्रांनो, घोटाळा पहिल्याच दिवशी झाला होता. ताईने मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिका बाईंना, सगळं नीट समजावून सांगितलं, ही काच कशासाठी, ती काय सांगणार. त्यांना कळलं. पण रोज मला बघायचं काम होतं चावीमामांचं, आणि ते नेमके तेव्हा तास द्यायला घंटेपाशी गेले होते.

चावीमामा म्हणजे शाळेचे शिपाई. कमरेला एकतीस चाव्यांचा जुडगा. ते लांबून आले तरी आधी जुडगा ऐकू यायचा आणि वर्गातली भांडणं आपोआप थांबायची. मामा परत आले तोवर ताईची बस सुटायची वेळ झाली होती. ती झोळी उचलता उचलता म्हणाली, "मामा, ही काच रोज बघायची हं. तुटली तर त्याच मिनिटाला मला फोन. उरलेलं प्लास्टर आणि जास्तीची पट्टी कपाटात ठेवलीय." आणि गेलीसुद्धा.

मोठ्या बाई घाईत होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, डोळ्यांत तेल घालून सांभाळा. काचेला काही झालं तर वर्ग बंद. वर्ग बंद झाला की शाळाच उचलून हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत नेतील. ऐकलंत?"

मामांनी ऐकलं. पण काय ऐकलं? त्यांना वाटलं, मी म्हणजे सील! विजेच्या मीटरला असतं ना, तसं. तुटलं की कुणीतरी हात लावला असा अर्थ. आणि सील म्हटलं की मामांना एक जुनी गोष्ट आठवायची. फार वर्षांपूर्वी परीक्षेच्या पेपरांच्या एका गठ्ठ्याचं सील तुटलेलं निघालं होतं. खोलीची चावी मामांकडे, म्हणून तीन दिवस त्यांना खुर्चीवर बसवून चौकशी केली. शेवटी कळलं की गठ्ठा आलाच होता तसा. पण माफी कुणी मागितली नाही, आणि काही लोक अजूनही त्यांना "काय मामा, सील ठीक ना?" म्हणून चिडवतात.

म्हणून मामांनी मला असं जपलं, असं जपलं की विचारू नका! माझ्या बाजूची दोन बाकं सरकवली. खिडकीतून एकदा चेंडू आत आला आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर आपटला, तर मामा दुसऱ्या दिवशी जगाचा भलामोठा नकाशा घेऊन आले आणि माझ्यावर टांगला. झालं. मी अंधारात. मुलं पुलाला विसरली. रोज सकाळी मामा नकाशाचं खालचं टोक उचलायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि म्हणायचे, "शाबूत." बस, एवढंच माझं दिवसभरातलं बोलणं. ताई महिन्यातून एकदा यायची, फोटो काढायची, पाठीवरून बोट फिरवायची आणि बस पकडायला निघून जायची.

असं दीड वर्ष गेलं. मग जवळची एक छोटी शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद झाली, आणि तिचं सगळं सामान आमच्या वरच्या हॉलमध्ये आलं. अठरा लोखंडी कपाटं! आत पन्नास वर्षांची हजेरीपुस्तकं. हमालांनी ती ओळीने लावली ती कुठे, तर बरोबर माझ्या भिंतीच्या वर. ताईला कुणी सांगितलं नाही. फर्निचर आलं हे काय इंजिनिअरला सांगायचं असतं? असं सगळ्यांना वाटलं.

मला मात्र त्याच दिवसापासून कळायला लागलं. इकडचा गोळा इकडे ओढतोय, तिकडचा तिकडे. अगदी हळू. मी ओरडणार कशी? मला आवाज एकदाच काढता येतो.

गुरुवारी भिंतीत एक बारीक गुणगुण सुरू झाली आणि तिसऱ्या तासाला तो मी काढला. टक.

वर्गात बेचाळीस मुलं सातचा पाढा म्हणत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तेवढी मान वर केली, आपल्या पेन्सिलीचं टोक बघितलं, ते ठीक होतं, आणि ती पुन्हा सात नव्वे त्रेसष्ट म्हणायला लागली. मी नकाशामागे दोन तुकडे होऊन नुसती थरथरत होते. माझं काम मी केलं होतं, चोख केलं होतं. आणि बघायला कुणीच नव्हतं!

शुक्रवारी सकाळी मामा आले. नकाशावर फडकं मारलं, टोक उचललं, आणि त्यांच्या हातातून फडकं गळून पडलं.

"मेलो," ते म्हणाले. त्यांना वाटलं, फडक्याच्या झटक्यानेच मी तुटले.

मग त्यांनी काय केलं माहितीये? दाराला आतून कडी लावली. कपाटातून प्लास्टरची पुडी आणि माझी बहीण काढली. मला खरवडून काढलं आणि तिला तिथे बसवलं. एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ ठीक, पण त्यांनी मार्कर घेऊन तिच्यावर माझी तारीख लिहिली. दीड वर्षापूर्वीची! मला त्यांनी फेकलं नाही. शाळेची वस्तू ना, फेकवेना. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कागदात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

तर आता मी खिशात. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भेगेचा वर्ग चालू ठेवायचा की नाही यावर पालकसभा. तीही कुठे? वरच्या हॉलमध्ये!

संध्याकाळी घरी मामी कपडे भिजवत होत्या. खिसा चाचपला आणि बोट कापलं.

"अगं आई गं! अहो, खिशात काच घेऊन हिंडताय? सर्कशीत जायचंय का?"

मामा बादलीशेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मामींनी बोट तोंडात धरूनच ऐकलं.

"मग उद्या बाईंना सांगा."

"सांगू? आणि शाळा हलली म्हणजे? एवढीएवढीशी पोरं हायवे ओलांडणार? माझ्या एका फडक्यापायी?"

"तारीख का लिहिलीत पण?"

मामींनी मला पुन्हा कागदात गुंडाळलं, या वेळी नीट, आणि धुतलेल्या शर्टाच्या खिशात घातलं. "ठेवा. टोचत राहू दे," म्हणाल्या.

शनिवारी दहा वाजता हॉल भरला. दोनशे माणसं तरी असतील. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून बरेच लोक कपाटांना टेकून उभे राहिले, म्हणजे बरोबर माझ्या भिंतीवर! मी मामांच्या खिशात, त्यांच्या छातीवर. खालून जमिनीतून एक बारीक गुणगुण येत होती. माणसांना ती ऐकू येत नाही. मला येत होती. गुरुवारी आली होती तीच.

मापवाली ताई उशिरा आली, तिची बस चुकली होती. ती आधी खालच्या वर्गाकडे निघाली होती, पण मोठ्या बाईंनी तिला जिन्यापाशीच गाठलं. "अगं, वर चल आधी, लोक खोळंबलेत. मामांनी सकाळीच बघितलीय काच. शाबूत आहे. हो ना मामा?"

मामा म्हणाले, "हो." एवढंच. पण त्यांच्या छातीत धडधड अशी वाढली की माझे दोन तुकडे एकमेकांवर वाजायला लागले.

सभा सुरू झाली आणि पहिल्या मिनिटाला भांडण. बसड्रायव्हर असलेले एक बाबा उठले. "मी रोज त्या हायवेवर गाडी चालवतो. माझी मुलगी तिकडे पायी जाणार नाही. तुम्ही वर्ग बंद करायला निमित्तच शोधताय!"

"कोण शोधतंय?" दुसरे कुणीतरी ओरडले. "भिंतीला भेग आहे ती काय आम्ही पाडली?"

"भेग माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे!"

"मग तुमच्या लग्नाचीही तपासणी करू!"

हशा झाला. मोठ्या बाईंनी टेबल वाजवलं. "ऐका, ऐका. ताईंचा नियम साधा आहे. काच शाबूत तोवर वर्ग आणि हॉल दोन्ही वापरायचे. काच शाबूत आहे. झालं."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक आई उठल्या. त्या कपडे शिवायच्या, गळ्यात अजून टेप लटकत होती, आणि त्यांची मुलगी तिसरीत होती. "बाई, माझं डोकं जरा हळू चालतं, चिडू नका. एवढी मोठी भिंत आणि एवढीशी काच. ती काय धरून ठेवणार?"

लोक पुन्हा हसले. पण ताई हसली नाही. ती पुढे आली, फळ्यापाशी गेली आणि एक अख्खा खडू उचलला. खडूचं एक टोक उजव्या मुठीत, दुसरं डाव्यात. "हे दोन हात म्हणजे भेगेच्या दोन बाजू," ती म्हणाली. "आणि हा खडू म्हणजे काच. काच काहीच धरत नाही हो. बघा."

तिचे हात हललेले कुणालाही दिसले नाहीत.

टक.

खडूचे दोन तुकडे. तोच आवाज, मित्रांनो! अगदी माझाच!

"भिंत केसाएवढी सरकली की काच तुटते," ताई म्हणाली. "कुणी हात लावावा लागत नाही. तुटली की समजायचं, भिंत चाललीय. मग त्या मिनिटाला सगळ्यांनी बाहेर."

मामा दाराशी उभे होते. त्यांनी एकदा त्या खडूकडे बघितलं. मग कपाटांना टेकलेल्या माणसांकडे. एक बाई कडेवर बाळ घेऊन उभ्या होत्या. मामांचा हात खिशाकडे आला आणि तिथेच थांबला. मी आतून जिवाच्या आकांताने म्हणत होते, काढा, काढा मला! आणि मला कळत होतं त्यांना काय दिसतंय. ती खुर्ची. ते तीन दिवस. आता तर सील त्यांनी खरंच तोडलं होतं, वर खोटी तारीख घातली होती, आणि समोर दोनशे माणसं होती.

बसड्रायव्हर बाबा म्हणत होते, "मग शाबूत आहे ना? चला, विषय संपला. चहा आणा."

"नाही," मामा म्हणाले.

"चहा नाही?"

"शाबूत नाही." मामा चालत टेबलापाशी गेले, कागद उलगडला आणि माझे दोन तुकडे टेबलावर ठेवले. "ती खालची नवीन आहे. काल मी बसवली. तारीखही मीच लिहिली. ही जुनी. मला वाटलं फडकं लागून तुटली... मी जोरात मारलं नव्हतं ताई. खरंच नव्हतं मारलं."

मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. ताईने माझ्याकडे बघितलं, मग कपाटांकडे, जणू ती तिला आत्ताच दिसत होती. "ही कधी आली?"

"मागच्याच्या मागच्या आठवड्यात," बाई म्हणाल्या.

ताईने आवाज चढवला नाही. "सगळ्यांनी उठायचं. पळायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. कपाटांपासून लांब. या जिन्याने नको, हा त्याच भिंतीला आहे. मागचा जिना?"

"त्याला कुलूप आहे," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं उघडला नाही."

सगळे मामांकडे बघायला लागले. एकतीस चाव्या! आणि मित्रांनो, मामांनी जुडग्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते चालता चालताच बोटांनी चाव्या मागे टाकत गेले, एक, दोन, पाच, नऊ, आणि दारापाशी पोचले तेव्हा बरोबर एक चावी हातात होती. कुलूप गंजलं होतं. पहिल्यांदा फिरली नाही. बसड्रायव्हर बाबांनी पुढे होऊन दार खांद्याने दाबून धरलं, मामांनी दोन्ही हातांनी चावी पिळली, आणि कडी सुटली.

"बाळवाल्या बाई आधी," मामा म्हणाले. "मग मागची रांग. ओळीने. ढकलाढकली नको, पोरं बघतात आपल्याकडे."

दोनशे माणसं एका ओळीत उतरली. खालून ती गुणगुण चालूच होती. मी टेबलावर पडले होते. सगळ्यात शेवटी मामा निघाले, दारापर्यंत गेले, परत आले आणि मला उचलून खिशात टाकलं.

खाली मैदानात ताई तिसरीच्या वर्गाच्या खिडकीशी गेली. आत पाय न टाकता तिने एका लांब काठीने नकाशा बाजूला केला. मागे मामा, बाई आणि त्या शिवणकामवाल्या आई.

माझी बहीण तिथे होती. काल बसवलेली. तिचेही दोन तुकडे झाले होते.

"एका दिवसात," ताई एवढंच म्हणाली. शिवणकामवाल्या आईंनी गळ्यातली टेप काढून मुठीत आवळून धरली. त्यांची मुलगी बसायची ते बाक त्याच भिंतीजवळ होतं.

मामा तिथेच पायरीवर बसले.

पुढचं भराभर सांगते. भिंत पडली नाही. सोमवारी बाहेरून टेकू लावून हमालांनी मागच्या जिन्याने कपाटं उतरवली. मग एका म्हाताऱ्या गवंड्याने तुळईच्या टोकाखालचं प्लास्टर काढलं, तर आतली वीट त्याच्या हातात पीठ होऊन आली. तो म्हणाला, "अजून एखादी सभा..." आणि हातातलं पीठ झटकलं.

शाळा हायवेपलीकडे गेली नाही. पालकांनीच ठरवलं, पाच महिने दोन पाळ्या करू, तिसरी दुपारी भरेल. नवी भिंत झाली. मामांना मात्र लेखी समज मिळाली. काही पालक कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि मला वाटतं त्यांचंही चुकलं नाही. मुलांच्या जिवाची गोष्ट होती. मोठ्या बाईंनी मात्र एका सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, "काच कशासाठी, हे मी मामांना सांगितलंच नव्हतं. नुसतं घाबरवलं. अर्धी समज माझ्या नावाने लिहा."

मी आता तिसरीच्या नव्या भिंतीवर एका पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहे. दोन तुकडे, मधे केसाएवढी फट. हॉलच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर आता नवी पट्टी आहे, तिच्यावर नकाशा नाही, काही नाही. रोज सकाळी तिसरीतली दोन मुलं तिला बघतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात, शाबूत. ती कशासाठी आहे हे बेचाळीसच्या बेचाळीस मुलांना पाठ आहे, सातच्या पाढ्यापेक्षा पक्कं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या शाळेतही माझ्यासारखं काहीतरी असेल, गळणारा नळ, हलणारा कठडा, दाराची निखळलेली बिजागरी. त्यावर नकाशा टांगू नका. रोज बघा, आणि तुटलं की लगेच सांगा, तुमच्याकडून तुटलं असं वाटलं तरी सांगा. आणि मोठी माणसं हे वाचत असतील तर, सांगायला आलेल्याला आधी खुर्चीवर बसवून चौकशी करू नका.

चावीमामा अजून रोज येतात. लांबूनच जुडगा वाजतो. पण कान देऊन ऐकलंत तर कळेल, आता त्यात तीसच चाव्या आहेत. मागच्या जिन्याला कुलूपच लावत नाहीत.